दहा पानं

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘सध्या काय वाचताय?’ असं आहे. नाव मीच ठेवलं आणि नियमही मीच केले. रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळात प्रत्येकाने आपण आनंदासाठी काय वाचतो आहोत ते चार ओळींत लिहायचं. सुप्रभात नाही, फुलं नाहीत, देवांचे फोटो नाहीत, राजकारण तर नाहीच. कुणाचं शुद्धलेखन चुकलं की मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचो. सुरतेतल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आता ही खोड जायची नाही. माझी बायको अरुणा म्हणायची, “लोक पुस्तकांसाठी आलेत, तुमच्या छड्या खायला नाही.” पण तरीही एकवीस माणसं टिकून होती. कुणी बँकेतलं, कुणी शाळेतलं, दोघंतिघं हजीऱ्याच्या प्लांटमधले. आणि एक लोटू.

लोटू बडगुजर डिंडोलीला राहायचा आणि कडोदऱ्याला लूम चालवायचा. सातवी पास. इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात रविवारी दुपारी पुस्तकं देण्याघेण्याचं काम मी बघतो, तिथे तो पहिल्यांदा आला आणि म्हणाला, “सर, जाड पुस्तक द्या. बारीक लवकर सरतं.” जाताना वाचायचा, येताना वाचायचा, आणि मशीन नीट चालत असलं तर तिच्यासमोर उभ्या उभ्याही वाचायचा. त्या खडखडाटात बोलता तर येत नाही, मग दुसरं काय करणार, असं त्याचं म्हणणं.

ग्रुपवर सगळ्यांत चांगलं तो लिहायचा. बाकीचे आम्ही ‘वेधक’, ‘अंतर्मुख करणारं’ वगैरे लिहीत बसायचो. लोटूने एकदा लिहिलं, ‘या पुस्तकातली बाई शेवटी घर सोडून जाते. मी तिला थांब म्हटलं. तिने ऐकलं नाही. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.’ ‘दिवस’मधली वेलांटी त्याने दीर्घ काढली होती. मी ती ऱ्हस्व करून पाठवली. तो म्हणाला, ‘बरं सर.’ मी इतकंच केलं. छान लिहिलंस रे, हे तीन शब्द मला कधी सुचले नाहीत, आणि आता सुचून काही उपयोग नाही.

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी त्याने लिहिलं, ‘या वेळी वाचन नाही. अंगात कणकण आहे.’ मी अंगठा टाकला आणि विसरून गेलो.

पुढच्या रविवारी पावणेदहाला त्याच्या नंबरवरून मेसेज आला. ‘हे आता वाचत नाहीत. काय करू सांगा. सुभद्राबाई.’

सुभद्राबाई म्हणजे लोटूची बायको. मी तिला एकदाच पाहिलं होतं, वाचनालयाच्या दाराशी. आत काही आली नव्हती. आता मी काय समजलो ते सांगतो. दोनच आठवड्यांपूर्वी ग्रुपमधल्या, बँकेत काम करणाऱ्या अर्चनाच्या नवऱ्याने तिच्या फोनवरून लिहिलं होतं, ‘ही हल्ली वाचत नाही, नुसत्या मालिका बघते, समज द्या.’ सगळे खूप हसले होते. मला वाटलं, हे त्यातलंच. लोटूचं दोन रविवार वाचन नाही, आणि आता बायको तक्रार करते आहे. मला तर बरंच वाटलं, घरच्यांना एवढी काळजी आहे म्हणून.

मी लिहिलं, ‘सुभद्राबाई, त्यांच्या सबबी ऐकू नका. रोज दहा पानं. न चुकता. मग बघू कसे वाचत नाहीत ते.’

लगेच उलट विचारणा आली. ‘कोणती पानं?’

बिचारी बाई, मला वाटलं, हिला यातलं काय कळणार. मी लिहिलं, ‘कोणतीही. हाताशी असतील ती. पण दहाच्या खाली नाही.’

अर्चनाने हसरा चेहरा टाकला. सात जणांनी अंगठे टाकले. मी समाधानाने चहा प्यायलो.

गुरुवारी अर्चनाचा फोन आला. लोटू गेला. डेंग्यू. मंगळवारी रात्री हॉस्पिटलात नेलं, बुधवारी पहाटे संपलं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. ग्रुपवर दोन ओळी लिहाव्यात म्हणून मी फोन हातात घेतला. वर सरकवला, तर रविवारचे मेसेज समोर.

हे आता वाचत नाहीत. काय करू सांगा.

मी ते तीनदा वाचलं. हा मेसेज चौथीतल्या पोराला दाखवला असता तरी त्याने विचारलं असतं, का हो, काय झालंय त्यांना? एकतीस वर्षं मी श्लेष शिकवला. एकाच शब्दाचे दोन अर्थ, उदाहरणासह स्पष्ट करा. ग्रंथालयाच्या भिंतीवर या एका शब्दावर केलेली जी घोषणा असते, ‘वाचाल तर वाचाल’, ती आमच्या वाचनालयात मी स्वतः उभं राहून रंगवून घेतली होती. आणि एक बाई नवरा मरतोय म्हणून माझ्याकडे आली, तर मी तिला अभ्यास दिला. मला माझी किळस आली. अजून येते.

अरुणाला दाखवलं. तिने सगळे मेसेज वाचले. मग म्हणाली, “जा तिच्याकडे. माझं चुकलं म्हणा. दुसरं काही तुमच्या हातात नाही.”

शनिवारी मी डिंडोलीला गेलो. काय बोलायचं ते रिक्षात मनाशी पक्कं केलं होतं. वहिनी, मी तुमचा मेसेज चुकीचा समजलो, मला क्षमा करा. तिने शिव्या दिल्या तर ऐकायच्या. खरं सांगायचं तर तिने शिव्या द्याव्यात अशी माझी इच्छा होती. मोकळं होऊन परत यायचं होतं मला.

गल्ल्या सगळ्या सारख्या, म्हणून लोटूची मुलगी रंजना नाक्यावर घ्यायला आली होती. अकरावीत आहे, गुजराती माध्यमात. ती पुढे चालू लागली आणि जरा वेळाने थांबली.

“सर, एक विचारू? तो मेसेज मीच लखला होता. मम्मी बोलली तसा.”

“मला कळलं बेटा. त्याबद्दलच मी...”

“पानं म्हणजे चोपडीची ने, सर? पुस्तकाची?”

मला प्रश्न समजला नाही. म्हणजे, शब्द समजले, पण ती हे का विचारते आहे ते समजेना.

“हो,” मी म्हटलं. “पुस्तकाचीच. दुसरी कुठली?”

तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. “आमच्या गुजरातीत त्याला पानां म्हणतात, सर. चोपडीनां पानां. पान म्हणजे झाडाचं. तुम्ही लखलं, दहा पानं, रोज. मी कोणती म्हणून विचारलं, तर तुम्ही लखलं कोणतीही. मग मी फोनमध्ये जोयलं, डेंग्यूला कोणती पानं. पपईची आली. आमच्या मागे झाड आहे.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, कापडाचे ताके भरलेला. तो जाईपर्यंत ती थांबली.

“शनिवारीच डॉक्टरने सांगितलं होतं, मोठ्या दवाखान्यात दाखल करा. पप्पा ना म्हणत होते. मम्मी म्हणाली, ग्रुपला विचार. सगळे शिकलेले आहेत, पप्पांना ओळखतात, ते म्हणतील तसं करू. मग तुमचा मेसेज आला, तर मम्मी म्हणाली, सर म्हणतात ना, मग बघू कसे वाचत नाहीत. आता दवाखाना नको. तीन दिवस आम्ही रस काढून दिला.”

मला वाटत होतं की मी एका बाईच्या हाकेला ओ दिली नाही. एवढंच पाप घेऊन मी आलो होतो, आणि तेच मला जड झालं होतं. मी ओ दिली होती. मी तिला औषध सांगितलं होतं, मात्रेसकट.

“परवा पप्पांची चोपडी उघडली तेव्हा मला समजलं,” रंजना म्हणाली. “आत त्यांनी पेन्सिलने लखलं होतं, आज बारा पानं. मम्मीला माहीत नाही. सर, तुम्ही तिला सांगू नका. तिला वाटेल मी मारलं.”

“तू नाही मारलंस.”

“मीच वाचून दाखवलं ने तिला.”

तिने हे अगदी साध्या आवाजात म्हटलं. मी नाही सांगणार म्हणून कबूल केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, खात्री करून घेतली आणि पुन्हा पुढे चालू लागली.

घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. चारपाच बायका बसल्या होत्या, मला पाहून त्या उठून ओट्यावर गेल्या. सुभद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. घरी ती अहिराणी बोलते, माझ्याशी बोलताना मात्र आठवून आठवून मराठी बोलत होती.

“या सर. बसा. रंजी, सरस्ले पानी दे.”

मी बसलो. क्षमा मागायला आलेला माणूस, आणि मागायची वाट बंद. मी म्हटलं, “लोटू फार चांगलं वाचायचा.” इतकं निरर्थक वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन.

“तुमचं नाव नेहमी घ्यायचे,” ती म्हणाली. “सरनी माझी चूक काढली, असं सांगायचे आणि हसायचे. माझं लिहिलेलं सर नीट वाचतात म्हणायचे. बाकीचे नुसता अंगठा दाखवतात.”

रंजनाने पाणी आणून ठेवलं आणि मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी ग्लास उचलला आणि हातातच धरून ठेवला.

“सर, तुमच्याजवळ माझी एक चूक सांगायची शे,” सुभद्राबाई म्हणाली. “आते तुम्ही आलेच आहात तर. कोणाला सांगितली नही मी.”

“तुमची काय चूक, वहिनी?”

“रविवारी पुरी दहा दिली. मोजून. सोमवारी बी दहा. मंगळवारी त्यांच्या घशाखाली उतरेना. उलटी व्हायची. मी म्हटलं राहू द्या आता. सातच गेली पोटात.” तिने पदराने तोंड पुसलं. “तुम्ही बजावलं होतं, दहाच्या खाली नही. माले ते माहीत होतं. तरी मीच थांबले. दया आली माले. तीन पानं कमी पडली सर. म्हणून गेले का ते?”

खरं बोललो असतो तर ती एका वाक्यात सुटली असती. वहिनी, ती पानं पुस्तकाची होती, दहा काय आणि सात काय. पण ते वाक्य मोरीच्या दाराशी उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात पडलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती. ग्लास मी खाली ठेवला, तो कलंडला, आणि सुभद्राबाईने पटकन हाताने पाणी अडवलं.

“नाही वहिनी,” मी म्हटलं. “सात पुरेशी होती.”

“मंग?” ती म्हणाली. “मंग ते वाचले का नहीत?”

तिला खरोखर उत्तर हवं होतं. ती रडत नव्हती, दोष देत नव्हती. वर्गात मुलं विचारायची तसं तिने विचारलं होतं, सरांना माहीत असणार या भरवशावर. काही नाही सांगितलं तर ही बाई उरलेलं आयुष्य ती तीन पानं मोजत बसणार होती. मी एवढा काळ शब्दांत घालवला, आणि तिथे मला एकही खरा शब्द वापरता येईना. म्हणून मी खोटा वापरला.

“माझंच चुकलं,” मी म्हटलं. “पानांनी होण्यासारखं ते नव्हतंच. मी पानं सांगायलाच नको होती. दवाखान्यात न्या म्हणून सांगायला हवं होतं. मला या आजारातलं काही कळत नाही वहिनी. कळत नसताना मी सांगितलं.”

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, यात खोटं फारसं काही राहिलंच नाही.

तिने हात पाण्यातून उचलला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटत होतं आता ती शिव्या देईल, आणि मी वाट पाहत होतो. सुभद्राबाईच्या चेहऱ्यावर राग आला नाही. माझ्याबद्दल जे काही तिथे होतं तेवढं फक्त निघून गेलं, आणि मग ती अगदी हळू म्हणाली, “तुम्हाला विचारलं होतं ना, सर.”

मी हो म्हटलं.