रिबकाच्या रडण्यावरील भाष्य

माझा नवरा अमोस आपल्या प्रबंधात ज्याचा उतारा घेतो, तो माणूस आमच्या घरी राहायला येतो. पहिला आला तो चौथ्या शतकातला एक सिरियन साधू. त्याने उंबऱ्यावर पायांची वाळू झाडली आणि मी केरसुणी आणली. अमोसने तळटीप लिहून टाकली होती, त्यामुळे साधूला परत पाठवणं शक्य नव्हतं.

अमोस पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवतो. त्याच्या प्रबंधाचा विषय: तान्ह्या बाळाचं रडणं ही प्रार्थना मानावी काय. आमच्या रिबकाचं पोट दुखत होतं, मी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते, तेव्हा त्याला तो सुचला. ओव्याची पुरचुंडी शोधायला पाठवलेला माणूस पेन घेऊन आला.

साधूने एका आर्मेनियन बिशपांचा हवाला दिलेला होता, म्हणून बिशप आले. बिशपांनी विरोधकांची मतं खोडलेली होती, म्हणून विरोधक आले, तेही चिडलेलेच. दर माणसामागे घर एका खोलीने लांबतं. घरमालक म्हणाले, लांबू द्या, फक्त भिंतींना खिळे ठोकू नका.

बिशप मला सूनबाई म्हणतात. कुणी शिकवलं कोण जाणे. जेवायला बसले की प्रत्येकजण आपापल्या रीतीने आशीर्वाद मागतो, आणि वरण गार झाल्याची तक्रार मात्र सगळे मिळून करतात. एवढ्या एकाच मुद्द्यावर त्यांचं एकमत आहे.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण नवी खोली नेहमी मी आणि पाळणा यांच्या मधेच उगवते, आणि शेवटी आलेल्याला पाळण्याला लागून जागा मिळते. रिबका रडली की मी गॅस बंद करून निघते. खोल्यांमागून खोल्या ओलांडून पोचते, तोवर ती रडून रडून झोपलेली असते. तिचे गाल बसलेत. पाळणा स्वयंपाकघरात आणून पाहिला. त्याच दुपारी अमोसने इजिप्तच्या एका मठाधिपतीचा उतारा घेतला आणि पाळणा पुन्हा पलीकडे गेला.

शेवटी मी अमोसच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"माझाही उतारा घे. म्हणजे मला तिच्या शेजारची खोली मिळेल."

"तुझं म्हणणं काय आहे?"

"तिला भूक लागलीय."

अमोसने खरोखर विचार केला. मग विचारलं, "हे कुठे छापून आलंय का?"

साधू पलीकडून म्हणाला की हे मत सर्वमान्य नाही. बिशपांनी दाढीवरून हात फिरवला. "सूनबाई, भूक मूळ वचनात नाही. ती तुम्ही घुसवताय."

मी म्हटलं, घुसवायचंच तर दूध घुसवीन, तिच्या पोटात सकाळपासून काही गेलेलंच नाही. कुणी हसलं नाही. अमोसला वाईट वाटलं असावं. तो चष्मा पुसत म्हणाला, "राग मानू नकोस, पण तू दुय्यम संदर्भसाधन आहेस. मी मूळ साधनाकडेच जातो."

तो गेला आणि रिबकाचं रडणं त्याने तळटिपेत उतरवून घेतलं, मधल्या हुंदक्यांसकट. त्या क्षणापासून ते ऐकू येईनासं झालं.

मी पळत सुटले. खोल्या रिकाम्या होत्या. सगळे शेवटच्या खोलीत पाळण्याभोवती माना खाली घालून उभे होते. आत रिबका लालबुंद झाली होती. तोंड पूर्ण उघडं, मुठी आवळलेल्या, आवाज नाही. मला पाहून तिचे ओठ हलले.

"डोळे मिटा, सूनबाई," बिशप हळूच म्हणाले.

अमोस तिच्या ओठांवर वाकला होता. "थांब," तो म्हणाला, "ती कुणाचा तरी हवाला देतेय." आणि माझ्याकडे एकदा पाहून त्याने पेन टेकवलं.

माझ्या चारी बाजूंनी भिंती वर येऊ लागल्या. चुना ओला होता. खोली पाळण्याला लागूनच होती. दार कुठल्या भिंतीत ठेवलंय ते मी चाचपू लागले.