घाण्याला जाळी हाय

मी जाळी बोलतेय. मासे धरायची नव्हे, उसाच्या घाण्याच्या तोंडावर बसवायची लोखंडी जाळी. ऊस आत जावा, पण माणसाचा पंजा जाऊ नये, एवढ्यासाठीच माझा जन्म. एकोणीसशे एक्क्याण्णव साली कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका वर्कशॉपात मला वेल्डिंग करून घडवलं आणि हातकणंगल्याजवळच्या पिराजी मालकांच्या गुऱ्हाळावर पाठवलं.

पहिले काही हंगाम मी इमानानं राबले. पण माझ्यात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, अडकायचं. मग घाणा थांबवा, बोल्ट सोडा, पाचट काढा. मालक वैतागले. "काढून टाका की ती कटकट!" झालं, मला गुऱ्हाळामागं, पिळलेल्या उसाच्या चिपाडात फेकलं. कोंबड्या येऊन माझ्यावर बसायच्या. मेल्यांनी घाण करून ठेवली नुसती.

अठ्ठ्याण्णव साली गडहिंग्लजकडची शिवगंगा घाण्यात ऊस लावायला आली. जोडीला गावातली तानाबाई. ती शिवगंगाला अक्का म्हणायची. दोघी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. एके दुपारी किंकाळी ऐकू आली. घाण्यानं शिवगंगाचा उजवा हात मनगटापर्यंत ओढून घेतला होता, आणि मी मागं गंजत पडले होते. फार जीव जळला माझा.

त्याच संध्याकाळी, पंचनाम्याच्या आधी, मालकांनी मला चिपाडातून उपसलं, हिरवा रंग फासला आणि घाण्यावर बसवलं.

पुढं शिवगंगानं कोर्टात दावा लावला. मालक म्हणाले, "जाळी होती. बाईनंच ती उचकटून हात घातला." खरं काय ते बघणारी एकटी तानाबाई, आणि तिचं पोट मालकांच्या हातात. साक्षीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला माझ्यासमोर उभं केलं.

"मी वकील हाय असं समज. सांग, घाण्याला जाळी हुती का?"

"न्हवती की, मालक."

"अगं ए शहाणे! डोळं फुटलं का तुझं? ही काय हाय?"

"जाळी हाय."

"मग तेवढंच सांगायचं. हाय. खोटं बोल म्हणतोय का मी तुला?"

मालक देवाला भिणारे, हां! खोटी शपथ त्यांना चालत नव्हती. त्यांनी तिच्या तळहातावर बेल-भंडारा ठेवला आणि वदवून घेतलं, "घाण्याला जाळी हाय." कोर्टातल्या शपथेला ती भ्यायली नसती, पण बेल-भंडारा म्हणजे पोराबाळांवर येणारी गोष्ट. मी ओरडून सांगणार होते, पण लोखंडाला कुठली वाचा?

दुसऱ्या दिवशी तानाबाई कोर्टातून परत आली ती माझ्यापाशीच येऊन बसली. शेजारच्या बनाबाईला सांगू लागली, "वकिलानं इचारलं, जाळी हुती का? मी म्हणलो, हाय. जज सायब म्हणाले, हाय म्हंजे त्या दिवशी हुती न्हवं? मी मान हलवलो गं!"

"आन् अक्का?"

"भाईर भेटली. पदराखाली थोटा हात. मला वाटलं, थोबाडीत मारंल. तर म्हणती कशी, तानू, जेवलीस का?"

एवढं बोलून तानाबाई हमसून हमसून रडली. दावा शिवगंगा हरली.

पुढच्या हंगामात पाचट हाताला गुंडाळलं जाऊन तानाबाईचा पंजा उसाबरोबर घाण्याच्या तोंडाशी ओढला गेला. मी आडवी आले. बोटांची सालं निघाली, पण हात राहिला. मालक धावत आले आणि म्हणाले, "बघ! जाळी हाय म्हणून वाचलीस!"

तानाबाईनं रक्ताळलेली बोटं माझ्या सळ्यांवर ठेवून मलाच विचारलं, "अक्काच्या येळंला कुठं मेलतीस गं?"

बाबांनो, तुमच्या घाण्यामागं माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला आजच बसवा. नाहीतर उद्या तिलाही कुणीतरी तानाबाईचाच प्रश्न विचारेल.