रिफ्कातूचे बेणे

रिफ्कातूने आल्याचे झाड बुडाशी धरून वर ओढले, तर ते अलगद तिच्या हातात आले. जोर लावावाच लागला नाही. जुलैचा महिना होता, आठ दिवस पावसाने उसंत दिली नव्हती आणि माझ्या शेताच्या खालच्या अंगाला दोन वाफ्यांतली पाने कडेने पिवळी पडत चालली होती. म्हणून मी तिला बघायला बोलावले होते. तिने बोटांनी चिखल उकरून गड्डा बाहेर काढला. चिमटीत धरताच तो पिचला आणि पाणी गळाले. तिने तो आधी स्वतःच्या नाकाशी नेला, मग माझ्या नाकाशी धरला. उंदीर मेल्यासारखा वास होता.

“उपट सगळं,” ती म्हणाली. “हे दोन वाफेच नाही, वरचे पण. आजच्या आज बाहेर काढून जाळ.”

वरचे वाफे हिरवेगार होते. नुसते बघितले तरी पोट भरावे असे.

“वरच्याला काही झालेलं नाही, जाऊबाई,” मी म्हटले.

“होईल.”

बांधावरच्या डबक्यात हात धुताना तिने सांगितले की तिच्या रानात हे चार दिवसांपूर्वीच दिसले होते. कुणाला बोलली नव्हती. ती गेल्यावर मी वरच्या वाफ्यांतून दोनदा फिरले आणि काहीच उपटले नाही. दहा दिवसांनी उपटण्यासारखे काही उरले नाही.

नात्याने ती माझी मोठी जाऊ, आमचे सासरे सख्खे भाऊ. गाव तिला गिदोनची आई म्हणायचे. क्वोई या बाजाराच्या गावाच्या वरच्या अंगाला टेकडीखाली आमचे गाव. तिथे ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर भांडी होती, कापड होते आणि ओल्या पोत्यात बांधलेले तिच्या आईच्या घरचे आल्याचे बेणे होते. बायका हसल्या. आल्याच्या गावात आले घेऊन येणारी ही पहिलीच सून. पण डिसेंबरात काढणी झाली आणि तिने गड्डे चिरून कातळावर वाळत घातले, तेव्हा हसणे थांबले. तिची सुंठ फिकट, भरीव, आत दोरे जवळजवळ नाहीतच. व्यापारी कातळावरून फिरायचा आणि त्याचा हात सरळ तिच्या ढिगाकडे जायचा.

नवरा याकूबू गवंडी होता. तो तापाने गेला, तेव्हा गिदोन सात वर्षांचा होता. दीर तान्कोने ओढ्याकाठची याकूबूची जमीन आपल्याकडे ठेवली आणि हिला टेकडीच्या उतारावरची पट्टी दिली, जिच्यात मातीपेक्षा दगड जास्त. ती पंचांकडे गेली नाही. तान्कोला एवढेच म्हणाली, “दगड मोजून दिलेत का भावजी, की अंदाजानं?” त्या दगडांच्या तिने उतारावर आडव्या ताली घातल्या, आणि चार वर्षे डोक्यावरून शेळ्यांचे लेंडीखत, राख, पालापाचोळा वाहून नेला. पाचव्या वर्षी त्या पट्टीत गुडघ्याच्या वर आले उभे होते. गिदोन पुढे जोसला वेल्डिंगच्या कामाला लागला आणि हळूहळू सणालाही यायचा बंद झाला. त्याबद्दल ती कधी बोलत नसे.

दर मार्चमध्ये ती अंगणात बेणे निवडत बसायची. प्रत्येक कांडी मोडून डोळे बघायची, नखाने खरवडायची, वास घ्यायची. संशय आला की ती स्वयंपाकाच्या भांड्यात. ज्या बाईला नवऱ्याच्या घरून बेणे मिळत नसे तिने यावे आणि टोपलीभर घेऊन जावे. काढणीनंतर टोपलीला टोपली परत, एवढीच अट. काही जणी परत करत नसत. त्यांनाही ती पुढच्या वर्षी द्यायची, वर म्हणायची, “मागची टोपली उंदरांनी नेली वाटतं.” मी पण तिच्या बेण्यावरच उभी राहिले. माझा नवरा बिट्रस अबुजाला बांधकामावर असतो. त्याचा फोन येतो, तो फारसा येत नाही.

त्या वर्षी जानेवारीत कदुनाहून एक खरेदीदार आला होता. त्याने रिफ्कातूच्या सुंठेचा तुकडा मोडून चावला, बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाला की याच जातीची तीस पोती मिळाली तर मी लॉरी थेट तुमच्या गावात आणतो, मधल्या दलालांची गरज नाही. पुढच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर तिने आम्हा चौदा जणींना चर्चच्या मागे थांबवले. सगळ्यांनी एकच बेणे लावायचे, एकाच आठवड्यात लावायचे, काप सारख्या जाडीचे करायचे, असे तिने समजावून सांगितले. लामीने विचारले की एवढी पोती यायची कुठून, अर्ध्या रानात तर ज्वारी असते.

“एक वर्ष ज्वारीच्या रानात पण आलं लावू,” रिफ्कातू म्हणाली. “खायला ज्वारी विकत घेऊ. एकच वर्ष.”

ती कमी बोलणारी बाई. म्हणूनच कदाचित आम्ही तो शब्द धरून ठेवला. मला घरावर पत्रे घालायचे होते. लामीला मुलीला काफांचानच्या नर्सिंगच्या शाळेत पाठवायचे होते. तुला काय हवे आहे, असे मी रिफ्कातूला विचारले तेव्हा ती आधी नुसतीच हसली. मग म्हणाली, “तान्को ओढ्याकाठची जमीन विकायला काढतोय.” तिच्याच नवऱ्याची जमीन तिला विकत घ्यायची होती. बेण्याचा खड्डा तिने तळापर्यंत मोकळा केला आणि चौदा घरांत वाटला.

ऑगस्टच्या मध्याला सगळे शिवार पिवळे झाले. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावे, पीक काढणीला आले आहे. शेतकी खात्याचा एक तरुण माणूस मोटारसायकलवरून आला, त्याने फोटो काढले आणि आम्हाला चर्चच्या आवारात जमवले. हा रोग मातीत राहतो, पाण्याबरोबर पसरतो आणि बेण्यातूनही येतो, असे तो म्हणाला. मग वही उघडून विचारले, बेणे कुठून आणले होते?

रिफ्कातू मागे भिंतीला टेकून उभी होती. ज्वारी लावलेली नव्हती, त्यामुळे माझ्या घरी तेव्हा दिवसातून एकदाच चूल पेटत होती, आणि सकाळी धाकटी भुकेने रडत होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही; तेव्हा डोक्यात हेच होते, म्हणून सांगते.

“सगळ्यांचं एकाच घरचं,” मी म्हणाले. “हिचं.” आणि हात केला.

खोटे नव्हते ते. पण दोनच दिवसांपूर्वी काचियाकडून माझा भाऊ येऊन गेला होता. त्याचेही शेत गेले होते, शेजाऱ्यांचीही, आणि त्या भागात रिफ्कातूच्या बेण्याची एक कांडीही कधी गेलेली नव्हती. हमरस्त्यापर्यंत सगळे पिवळे आहे, असे त्याने मला सांगितले होते. मला ते माहीत होते आणि मी गप्प राहिले. त्या माणसाने वहीत तिचे नाव लिहिले, वर कळवतो म्हणाला, औषध येईल म्हणाला. औषध आले नाही आणि तोही पुन्हा आला नाही.

तिच्या तोंडावर कुणी काही म्हटले नाही. पण हापशावर ती आली की बायका आपली भांडी जरा बाजूला सरकवू लागल्या. लामी म्हणू लागली की माहेरच्या ओल्या पोत्यातून आणलेली घाण एक ना एक दिवस वर येणारच होती. तान्को म्हणाला, जिने नवरा खाल्ला तिला आल्याचे काय. मी यातले काही बोलले नाही. माझे बोलून झाले होते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी प्रार्थनेनंतर ती बायकांसमोर उभी राहिली. बाहेर कुंपणाला तिने तिच्या सगळ्या शेळ्या बांधून ठेवल्या होत्या. चौदा घरे आणि अकरा शेळ्या. उरलेल्या तीन घरांसाठी टोपलीखाली कोंबड्या झाकल्या होत्या.

“बेणं माझं होतं,” ती म्हणाली. “ज्वारीच्या रानात आलं लावा, हे पण मीच सांगितलं. घरात होतं ते आणलंय.”

कुणीतरी नको म्हणेल म्हणून मी थांबले. पाद्रीबाई पायाशी बघत राहिल्या. पहिले दावे लामीने सोडले. मग दुसरी पुढे झाली, मग तिसरी. मी तपकिरी शेळी घेतली. पुढच्या बाजाराला ती विकून ज्वारी आणली, आणि ती आम्ही महिनाभर खाल्ली. मुलांची पोटे भरली. चौदा घरांपैकी एकानेही हात आवरता घेतला नाही.

नोव्हेंबरात सुंठेला असा भाव आला की म्हाताऱ्यांनीही तसा कधी ऐकला नव्हता. मुलखात मालच नव्हता, म्हणून. शहरातले व्यापारी गाडीतून उतरून वाटसरूंना अडवून विचारायचे, कुणाकडे आहे का. कदुनाचा खरेदीदारही आला, शब्द दिल्याप्रमाणे लॉरी घेऊन, थेट गावात. तो रिकाम्या कातळावर थोडा वेळ उभा राहिला.

रिफ्कातूच्या पट्टीत अगदी वरच्या कोपऱ्यात, जिथे तालीच्या दगडांतून पाणी निथळून जाते, तिथे थोडी झाडे जगली होती. तिने ती नुकतीच काढली होती. दोन टोपल्या. खरेदीदाराने त्या बघितल्या, ओल्याच द्या म्हणाला, आणि असा आकडा बोलला की शेजारी उभ्या तान्कोने शीळ घातली. ओढ्याकाठचा मोठा तुकडा त्यात आला असता. तान्कोने तसे तिथल्या तिथे बोलूनही दाखवले.

“हे बेणं आहे,” रिफ्कातू म्हणाली आणि टोपल्यांवर फडके टाकले.

खरेदीदार पाणी पिऊन रिकामी लॉरी घेऊन गेला. बाई डोक्यावर पडली आहे, असे तान्को गावभर सांगत फिरला, आणि लोकांना ते पटले.

कोरड्या धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत तिने ते बेणे खड्ड्यात, वाळल्या पानांखाली जपले. दर आठवड्याला एकेक कांडी बाहेर काढून बघायची आणि पुन्हा ठेवायची. मार्च आला तशी ती नेहमीप्रमाणे अंगणात बसली. समोर दोन टोपल्यांचे चौदा वाटे केले होते. मी पाण्याला जाताना तिच्या अंगणावरून गेले, येतानाही गेले. वाटे चौदाच होते, माझा धरून.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर निघाली. माझ्या दारात आली तेव्हा मी मुलीचे केस विंचरत होते. बसली नाही. वाटा उंबऱ्यावर ठेवला आणि उभ्यानेच माझे नाव घेऊन सांगितले, “वरच्या कोरड्या अंगाला लाव, असाबे. खालच्या रानात तीन वर्षं आलं नको, मका घे. ह्यातली एक एक कांडी मी बघितलीय.”

मी म्हटले, यंदा सोयाबीन लावतोय आम्ही. बिट्रस तसे म्हणतो.

“बिट्रस म्हणतो?”

“हो.”

बिट्रसचा तीन आठवडे फोन नव्हता, आणि हे तिला माहीत होते, कारण मीच तिच्याकडे त्याचे रडगाणे गायले होते. मला रोगाची भीती नव्हती असे नाही. पण खरी गोष्ट वेगळी होती. ते बेणे मी घेतले असते, तर चर्चच्या आवारात केलेला तो हात मला मागे घ्यावा लागला असता, सगळ्यांसमोर. आणि शेळी तर केव्हाच विकून खाल्ली होती.

“बरं,” ती म्हणाली आणि वाटा उचलून पुढच्या दाराकडे गेली. तिथूनही ती तशीच परत आली. चौदाही दारांवरून आली.

एप्रिलमध्ये, पाऊस लागायच्या आधी, मी क्वोईच्या बाजारात मीठ आणायला गेले होते. भाजीवाल्या बसतात त्या रांगेच्या टोकाला रिफ्कातू बसली होती. पुढे प्लास्टिकचा कागद, आणि त्यावर आल्याचे छोटे छोटे ढीग, कुणी कुनूच्या पेयात घालायला नेते, कुणी चहात, तेवढेच. गड्डे जाड होते, डोळे फुगलेले. आठवड्याभरात मातीत गेले असते तर कोंब वर आले असते. मी पुढे जाऊ शकले असते. तिने मला बघितले नव्हते असे म्हणायलाही जागा होती. पण पाय थांबले, आणि थांबल्यावर एक ढीग मागण्यावाचून काही सुचले नाही.

ती ढीग उचलून माझ्या पिशवीत टाकू लागली.

“बेण्याला ठेवलंस ना काही?” मी विचारले.

“कुणासाठी?”

आवाजात राग नव्हता. खरेच मला माहीत असेल तर सांगावे, अशा सुरात तिने विचारले. मग तिने टोपलीतून आणखी एक गड्डा घेतला, चांगला तीन डोळ्यांचा, आणि गिऱ्हाइकाला वर एखादा टाकतात तसा माझ्या पिशवीत टाकला.

“अजून काही देऊ, बाई?” ती म्हणाली.

माझ्यामागे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. तिने ढिगाचा भाव विचारला, आणि रिफ्कातू मान वर करून तिला सांगू लागली. मी बाजूला झाले.