माळ्यावरची गळती

आप्पांच्या बायकोचं, रुक्मिणीवहिनींचं, तेरावं उरकलं, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी आप्पांनी गंगाधरला बोलावून घेतलं. भवानी पेठेतल्या त्या घराची वीज वहिनी गेल्या त्या दुपारपासून मेन स्विचवरच बंद होती. शेजाऱ्यांनी आपल्याकडून एक वायर ओढून खाली एक दिवा आणि एक पंखा चालवून दिला होता. तेवढ्यावर आप्पा आणि त्यांची लेक निवेदिता दिवस काढत होते.

गंगाधर मूळचा जेऊरचा. पण सोलापुरात वायरमनकी करायला लागून त्याला बत्तीस वर्षं झाली होती. आप्पा शाळेत हेडक्लार्क असताना तिथली वायरिंग जळाली, तेव्हाची त्यांची ओळख. पुढं ती इतकी वाढली, की गंगाधरच्या बायकोचं, बजाबाईचं, ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर त्याच्या घरी डबा गेला तो रुक्मिणीवहिनींच्या हातचा. वहिनी त्याला भावजी म्हणायच्या आणि भाऊबीजेला ओवाळायच्या.

निवेदिता दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून कायमची माहेरी आली होती. नववी-दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घ्यायची. मुलं वाढली तशी खालची खोली पुरेना, म्हणून आप्पांनी वरचा माळा खोलीसारखा करून घ्यायचं ठरवलं. अडगळ काढली, पत्रा दोन हात उंच उचलला, लोखंडी अँगल टाकले, पत्र्याखाली पांढरं सिलिंग बसवलं. वायरिंग अर्थातच गंगाधरनं केली. त्यानंच हट्ट करून खालच्या बोर्डात एक नवा स्विच बसवला. करंट कुठं जरा गळायला लागला की आपोआप खाली पडणारा. घरात मुलं येणार, जपलेलं बरं, असं तो म्हणाला होता.

मार्च संपता संपता तो स्विच पडायला लागला. रोज नाही, पण पडला की दुपारीच, नेमका क्लासच्या वेळी. गंगाधर दोनदा येऊन बघून गेला. दोन्ही वेळा सकाळी आला, कारण दुपारी त्या पत्र्याखाली जीव गुदमरायचा. सकाळी सगळं ठीक असायचं. त्यानं प्लग उघडून पाहिले, कूलर उघडून पाहिला, बोर्डातले स्क्रू आवळले. काहीच सापडलं नाही. शेवटी त्यानं तो स्विचच लायनीतून काढून सरळ जोड देऊन टाकला आणि रविवारी येऊन नीट बघतो म्हणून सांगितलं. तो रविवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही गेला. लग्नाच्या मंडपांची कामं अंगावर होती.

चौदा एप्रिलनंतरच्या त्या आठवड्यात ऊन नुसतं भाजून काढत होतं. चारचा क्लास होता. साडेतीनला रुक्मिणीवहिनी कळशी घेऊन वर गेल्या आणि चालू कूलरमध्ये पाणी ओतायला लागल्या. आवाज झाला म्हणून निवेदिता धावली, तेव्हा त्या ओल्या फरशीवर पडल्या होत्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. कूलर चालू असताना पाणी भरायचं नसतं, हे जो येईल तो म्हणून गेला. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण कूलर बंद न करता आईला पाणी ओतायला सांगितलं होतं निवेदितानं, आणि प्रत्येक बोलणं तिच्यावर जाऊन बसत होतं.

गंगाधर पिशवी घेऊन आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. चौदा दिवसांत ती निम्मी झाली होती. आप्पांनी हळू आवाजात सांगितलं, की ही जेवत नाही, झोपत नाही, क्लास कायमचा बंद करते म्हणते. मुलांच्या पालकांना तिनं तसे निरोपही धाडलेत.

गंगाधर तिच्यापाशी टेकला. तीच बोलली.

"काका, मी वह्या तपासत होते. मला उठायचा कंटाळा आला. मी म्हटलं, आई, तेवढं पाणी ओत गं. बंद कर म्हणाले नाही."

गंगाधरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो जिना चढून वर गेला.

खरं सांगायचं तर चौदा दिवस तो मनाशी एकच गोष्ट घोकत होता. कूलरची मोटर जळाली असेल, पंपात पाणी शिरलं असेल, कंपनीचा माल आजकाल असाच येतो. म्हणून त्यानं पहिल्यांदा कूलर खोलला. मोटर सोडवून तपासली, पंप तपासला, वायर हातभर हातभर करून बघितली. कूलरमध्ये दोष नव्हता. तो परत तपासला. तरी नव्हता.

मग त्यानं माळ्याची लाईन खालून तोडली आणि मेगर लावला. वायरीच्या वेष्टणातून करंट गळतो का ते दाखवणारं हे यंत्र. तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते आणि काटा दाखवत होता की सगळं उत्तम आहे. मागे दोन्ही वेळा असंच झालं होतं. त्या वेळी तो पिशवी आवरून खाली उतरला होता. आज तो भिंतीला पाठ लावून बसून राहिला.

बारा वाजले. पत्रा तापायला लागला तसा वरून कटकट आवाज यायला लागला. गंगाधरचा सदरा भिजून अंगाला चिकटला. आप्पांनी पाण्याचा तांब्या जिन्यावर आणून ठेवला, तो तसाच राहिला. एक वाजून गेल्यावर त्यानं पुन्हा मेगर फिरवला आणि काटा घसरत घसरत तळाला जाऊन टेकला.

त्यानं स्टूल घेतलं. वायरीचा पाईप कुठून नेलाय ते त्याला पाठ होतं. कूलरच्या प्लगपासून मागं मागं जात त्यानं सिलिंगची एकेक फळी उतरवली. तिसऱ्या फळीमागं ते दिसलं. सिलिंगवाल्याचा एक लांब स्क्रू पाईपच्या आरपार गेला होता आणि आतल्या लाल आणि हिरव्या, दोन्ही वायरींत घुसला होता. लाल म्हणजे जिवंत वायर. हिरवी अर्थिंगची, जी कूलरच्या अंगाला जोडलेली असते. पत्रा तापून अँगल सरकला की स्क्रू दोन्हींना चिकटायचा आणि सगळा कूलरच जिवंत व्हायचा. अर्थिंग चांगलं असतं तर फ्यूज उडाला असता. पण परसातला अर्थिंगचा खड्डा जुना, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडलेला. माळ्याचं काम करताना गंगाधरनं तो बघितलासुद्धा नव्हता.

राहता राहिला तो एक स्विच. तो बरोबर सांगत होता. दुपारी पडून पडून सांगत होता. गंगाधरनं त्याला लायनीतून काढून टाकलं होतं.

तो स्टुलावरून उतरला आणि खाली बसला. आता त्याला दुसरंही आठवलं. वहिनी जाण्याच्या चार दिवस आधी त्यांनी फोन केला होता, की भावजी, कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. आणि तो मंडपातल्या गडबडीत म्हणाला होता, की चप्पल घालून हात लावा, मी येतोच. हा फोन त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

स्क्रू काढून टाकायला एक मिनिट लागलं असतं. वायर बदलायला अर्धा तास. कूलरचाच दोष होता असं खाली जाऊन सांगितलं असतं तर आप्पांनी एक शब्द विचारला नसता. हे सगळं त्याच्या मनात आलं, आलं नाही असं नाही. पण खाली उंबऱ्यात ती पोर बसली होती.

त्यानं कशालाही हात लावला नाही. जिन्यावरून उतरला आणि दोघांनाही वर यायला सांगितलं. निवेदिता त्या दिवसानंतर माळ्यावर चढली नव्हती. आप्पांनी तिचा हात धरून आणलं. गंगाधरनं स्क्रू दाखवला, लाल वायर दाखवली, हिरवी दाखवली. मग सगळं बोलला. सकाळी येऊन जायचा ते, स्विच काढला ते, खड्डा बघितला नाही ते आणि शेवटी तो फोनही.

"निवी, कूलर बंद हाय का चालू, त्यानं काय फरक पडत न्हवता," तो म्हणाला. "बटण बंद केलं असतंस तरी त्याच्या अंगात करंट होताच. हिरव्या वायरीनं येत होता. तू वर आली असतीस तर तू गेली असतीस. ह्यात तुझं काय न्हाय, पोरी. हे माझं हाय."

निवेदिता त्या स्क्रूकडे बघत उभी राहिली. मग ती भिंतीला धरून खाली बसली. चौदा दिवसांत डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, म्हणून शेजारणी घाबरल्या होत्या. आता ती आई आई करत इतकी रडली, की गल्लीतल्या बायका दारात जमल्या.

आप्पा मात्र उभेच होते. तिचं रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "स्विच काढलास तेव्हा तुला माहीत होतं, की कुठंतरी गळती आहे?"

"व्हय," गंगाधर म्हणाला. "कुटं हाय ते माहीत न्हवतं. हाय, एवढं माहीत होतं."

आप्पांनी मान हलवली. गंगाधरनं हात जोडून विचारलं, की एवढं अर्थिंग मला करू द्या, नवा खड्डा मी स्वतः खणतो, मग परत तोंड दाखवत नाही.

"नको," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "माझी पोर मला परत दिलीस, ते मी विसरणार नाही. आणि दुसरंही मला विसरता येणार नाही. तू आता ये."

गंगाधर तिथून सरळ चौकीत गेला. हवालदाराला आधी कळेचना, की हा माणूस न बोलावता कशाला आलाय. मग त्यानं कागद पुढं ओढला आणि गंगाधर सांगत गेला तसं लिहून घेतलं. पुढं पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला, वायरमनचा परवाना जमा करावा लागला. घरी सांगितल्यावर बजाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसली. वहिनींचा डबा तिला आठवत असणार, हे त्याला विचारावं लागलं नाही.

आप्पांच्या घरचं काम अजिनाथ नावाच्या दुसऱ्या वायरमननं केलं. तो एकदा विचारायला आला, की कोणती लाईन कुठून गेली आहे. गंगाधरनं त्याला कागदावर सगळा नकाशा काढून दिला, एकही जोड न विसरता, आणि दुपारी बसून तपास म्हणून दोनदा बजावलं. स्वतः त्यानं पुन्हा पक्कड हातात धरली नाही. एका धान्याच्या दुकानात पोती मोजायला लागला.

जूनमध्ये शाळा उघडल्या तसा निवेदितानं क्लास सुरू केल्याचं त्याच्या कानावर आलं. माळ्यावर नाही, खालच्याच खोलीत, दाटीवाटीनं.

जुलैच्या एका रविवारी सकाळी ती त्याच्या दारात उभी राहिली. बजाबाईनं तिला जवळ घेतलं, चहा ठेवला. ती बजाबाईशी तब्येतीचं बोलली, आप्पांच्या गुडघ्याचं बोलली. गंगाधर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. चहा संपल्यावर ती त्याच्याकडे वळली, पण नजर जमिनीवरच होती.

"काका, मला आता झोप लागते. तुम्ही बोलला नसता तर मी मेले असते. हे सांगायला आले." तिनं रिकामी कपबशी बाजूला सरकवली. "मला वाटलं होतं, येऊन तुमच्या पाया पडेन. पण तुमच्याकडे बघवत नाही मला. आईच दिसते."

"नगं बघू," गंगाधर म्हणाला.

तो उठला, मागच्या दारानं मोरीत गेला आणि ती चपला घालून निघेपर्यंत, तिची पावलं गल्लीत विरेपर्यंत, नळ सोडून उभा राहिला.