पूर्ण झालेल्या ऑर्डरी

नत्थुजींनी तिसरा गठ्ठा उचलला, नाकाशी धरला आणि पुन्हा सतरंजीवर ठेवला. मग चौथा. रागिणी दाराशी उभी राहून बघत होती. वास येणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण ते या म्हाताऱ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

असे सात गठ्ठे होते. सात घरांतल्या वारलेल्या बायांची लुगडी. रागिणीचं दुकानच तसलं. लोक आईची, आजीची, बायकोची लुगडी कुरिअरनं पाठवत आणि अमरावतीतल्या या खोलीत मनकर्णाबाई त्यांची गोधडी शिवत. दुकान म्हणजे मोबाइलवरचं, पाटी नाही की शटर नाही. चार वर्षं ते रडतखडत का होईना, चाललं. गठ्ठा आला की रागिणी त्याला नंबराची चिठ्ठी बांधायची, फोटो काढून त्या ऑर्डरीत चढवायची आणि मोबाइलमधला पुसून टाकायची. जागा पुरत नसे.

मग तिला दुकान नवं करायची हुक्की आली. नव्या दुकानाला देखणे फोटो लागतात, म्हणून तिनं सातही गठ्ठे सोडले, धुतले, इस्त्री करून वेगवेगळे घडी घालून ठेवले. मनकर्णाबाई नको नको म्हणत होत्या, पण ऐकतंय कोण! चिठ्ठ्या निघाल्या त्याचंही तिला काही वाटलं नाही, जुन्या ऑर्डरींत फोटो होतेच. दुकान बदलून देणाऱ्या माणसानं विचारलं, जुन्या ऑर्डरी इकडे आणायच्या का? ही म्हणाली, पूर्ण झालेल्या सोडा, बाकीच्या आणा. आणि गठ्ठा हाती पडल्याबरोबर ऑर्डरीपुढे ‘पूर्ण’ दाबायची खोड तिचीच, कारण तसं केलं नाही तर जुनं दुकान गिऱ्हाइकाला ‘गठ्ठा पाठवा’ अशी रोज आठवण पाठवून भंडावून सोडायचं. त्या माणसानं सांगितलं तेवढंच केलं. नवं दुकान इतकं छान दिसत होतं की पहिला दिवसभर ती ते नुसतं उघडून बघत बसली. दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी विचारलं, यातली लुगडी कोणाची कोणती? तेव्हा रागिणीनं जुन्या ऑर्डरी शोधल्या, तर जुनं दुकान कायमचं बंद झालेलं, आणि नव्यात त्या सातांतली एकही नव्हती.

नत्थुजी अकोटकडचे, वांगी-मेथी लावणारे. त्यांची बायको इंदूबाई दिवाळीनंतर गेली. गोधडी मागवली होती पुण्यातल्या मुलीनं, वर्षालीनं. लुगडी तेराव्याला आलेल्या बायांनी घाईघाईत बांधून दिली होती, नेमकी कोणी ते आता कोणालाच सांगता येईना. गोधडी कुठवर आली विचारायला वर्षालीचा फोन आला, तेव्हा रागिणीनं तिला सातही गठ्ठ्यांचे फोटो पाठवले, रडत रडत चूक कबूल केली. फोटोत काही उमगत नाही, ती म्हणाली, पण बाबा ओळखतील. म्हणून नत्थुजी सकाळच्या एसटीनं आले होते.

पाचवा गठ्ठा खाली ठेवून ते मांडी घालून बसले.

“चाळीस वर्स घरात वागली बाई,” ते म्हणाले. “अंधारात आवाज आयकला तं सांगतलं असतं. लुगडं काई ओळखू येऊन नाई राहिलं.”

“एखांदा रंग आठवते का, काकाजी?”

“वावरात धुळीचाच रंग राहे.”

ते रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर रागिणीला बरं वाटलं असतं. त्यांनी पाणी मागितलं. मनकर्णाबाईंनी तांब्या दिला आणि त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. पाणी पिऊन नत्थुजींनी उरलेले दोन गठ्ठे ओढून घेतले. शेवटच्यात वरच एक जांभळं लुगडं होतं, पिवळ्या काठाचं. त्यांचा हात त्यावर थांबला. काठावरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. रागिणी झटकन खाली बसली.

“हेच काय?”

“नाई. हे तिचं नोहे.” त्यांचा अंगठा काठावरच होता. “असं पाह्यजे होतं तिले. दर दिवाळीले मांगे. मी म्हणो, औंदा राहू दे, पुढच्या साली घेऊ.”

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावूनच बोलत.

“बाबा, सापडलं का?” वर्षालीचा आवाज खोलीभर झाला.

नत्थुजींनी लुगडं मांडीवर घेतलं.

“सापडलं. जांभळं आहे. पिवळ्या काठाचं.”

आता ही विचारणार, आईकडे जांभळं होतंच कुठं? असं रागिणीला वाटलं. मग फोनमधून हुंदका आला.

“हो बाबा, तेच. माह्या साखरपुड्यात आई तेच नेसली होती. पाहा ना, फोटोत मले कसं दिसलं नाही?”

“होते असं, बेटा.”

त्यांनी फोन खिशात टाकला. लुगड्याची घडी नीट केली, गठ्ठा पुन्हा बांधला आणि मनकर्णाबाईंच्या पुढ्यात ठेवला. “शिवा,” ते म्हणाले. मनकर्णाबाईंनी रागिणीकडे पाहिलं. ते लुगडं कुठल्यातरी दुसऱ्या घरातलं होतं, तिथंही कोणी वाट बघत होतं. नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरला नाही, हे रागिणीला कळत होतं, तरी ती नत्थुजींच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

“काकाजी, हे ज्याचं आहे, तो आला तं मी काय सांगू?”

नत्थुजी चपला घालत होते. भिंतीला हात टेकून त्यांनी दुसरा पाय आत सरकवला.

“त्यालेबी नाई ओळखू येनार,” ते म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.