ऱ्हस्व उकार

पोळ्या करणाऱ्या सोजराबाईंनी पदराला हात पुसले आणि नवा फोन विजयश्रीसमोर धरला.

"मॅडम, तुमचं बोलणं ह्यात बी आलंय बगा. पोरानं काल आनला."

कँटीनमध्ये जेवणाची पहिली पाळी नुकतीच उठली होती. विजयश्रीने ताट बाजूला सरकवून पडद्यावर पाहिलं. रेंज शोधत फिरणाऱ्या चक्राखाली लिहिलं होतं, 'जरा दम धरा, येतंय.'

वाक्य मुळात सोजराबाईंचंच होतं, विजयश्रीने त्यांच्याच तोंडून टिपलेलं. दीड वर्षापूर्वी लातूरच्या शाळेतली नोकरी सोडून विजयश्री चाकणच्या या फोन बनवणाऱ्या कंपनीत आली, तेव्हा मालक दिग्विजय सर तिला म्हणाले होते, आता आपल्या फोनमध्ये आपलंच सॉफ्टवेअर असेल आणि ते माणसासारखं मराठी बोलेल. जवळजवळ सगळ्या फोनांत ज्या एकाच बड्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं, तिच्याशी ही टक्कर होती. विजयश्री कँटीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, फोन जोडणाऱ्या लाइनवरच्या बायकांत बसून विचारत राहिली, हे तुम्ही कसं म्हणाल? अशी चार हजार वाक्यं जमली. फोन दसऱ्याला बाजारात यायचा होता. तोवर ती वाक्यं गेटाबाहेर जाणार नव्हती.

सोजराबाईंच्या हातातला फोन मात्र दुसऱ्याच कंपनीचा होता, आणि आतलं सॉफ्टवेअर त्या बड्या कंपनीचं.

"जरा बघू?" तिने फोन घेतला. फोटो पुसायला गेल्यावर तो म्हणाला, 'पुसून टाकू? परत मिळायचा नाही हं.' तो 'हं' राहावा म्हणून ती तीन मीटिंगांत भांडली होती. मग बॅटरीच्या पानावर तिची नजर अडकली. 'अजुन दोन तास पुरेल.' 'अजुन'मधला उकार ऱ्हस्व. चूक तिचीच होती. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी ती सापडली, तेव्हा मराठीची बाई म्हणून तिला इतकी लाज वाटली, की तिने कुणाला न सांगता ती सुधारून टाकली होती.

म्हणजे वाक्यांची यादी त्याच्या आधीच बाहेर गेली होती.

"चांगलं हाय न्हवं?" सोजराबाईंनी विचारलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

दिग्विजय सरांच्या केबिनमध्ये ती बसली नाही. तिने त्या फोनचं सांगितलं, तेव्हा सरांनी नाकारलं नाही. चष्मा काढून ते शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

"यादी मीच त्यांना फेब्रुवारीत दिली. ती द्यायची आणि आपलं सॉफ्टवेअर सोडून द्यायचं, अशी त्यांची अटच होती. आपल्या सॉफ्टवेअरचा एक जरी फोन विकला, तरी बाकीच्या कुठल्याच मॉडेलला त्यांचं सॉफ्टवेअर मिळणार नाही. खाली लाइनवर सहाशे माणसं आहेत, विजयश्री."

"मग तेव्हाच सांगायचं होतं. आम्ही इतके महिने कशासाठी राबतोय?"

"तुमचं काम चालू होतं म्हणून तर ते बोलणी करायला बसत होते. ते थांबलं असतं, तर आपल्याला विचारलं कुणी असतं?" त्यांनी चष्मा परत लावला. "सोमवारी करारावर सह्या आहेत. तोवर कुणाला सांगू नका. तुमचं नाव मी तिकडे दिलंय. बाणेरच्या ऑफिसात त्यांना मराठीसाठी माणूस हवंच आहे."

तिला राग यायला हवा होता. पण आधी मनात आलं ते हे, की बाणेर आपल्या पिंपळे सौदागरच्या घराहून किती जवळ आहे. त्या विचारानेच तिचे कान तापले. ती बाहेर आली.

वरच्या मजल्यावर तिच्या टीमची बावीस माणसं माना खाली घालून काम करत होती. खिडकीशी सुजित होता. दोन सिम घातली की मध्येच फोन वाजेनासा व्हायचा. त्यातली खोट तो एप्रिलपासून शोधत होता. त्यापायी सांगलीला स्वतःच्या मुलीच्या बारशालाही तो गेला नव्हता. विजयश्रीने खुर्ची ओढली.

"सुजित, ठेव ते जरा. बोलायचंय."

"पाच मिनिटं, ताई. सापडतंय असं वाटतंय."

ती थांबली. का थांबली, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्याने एक ओळ खोडली, दुसरी लिहिली, मग बराच वेळ नुसता बघत बसला. टेबलावरच्या एका फोनवरून त्याने दुसऱ्यावर लावून पाहिलं. वाजला. पुन्हा लावला. वाजला. दहा वेळा, वीस वेळा. आजूबाजूच्या माना हळूहळू वर झाल्या.

"मिळालं," सुजित म्हणाला. "ताई, सरांना सांगून येऊ?"

विजयश्री उठून उभी राहिली.

"एकटा नको जाऊस," ती म्हणाली. "सगळ्यांना बोलाव. सगळेच जाऊ. सरांनाही आपल्याला काही सांगायचंय."