चिमणी वाचवा

मित्रांनो, हे लिहायचं राहूनच जाणार होतं. विटांच्या चिमणीची कसली आलीय गोष्ट, लोक हसतील, असं वाटायचं. पण लोक हसले म्हणूनच तर मी वाचले. मग लपवायचं कशाला?

मी एक जुनी चिमणी आहे. दाणे टिपणारी नव्हे. जळगाव जामोदच्या जिनातली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली, उंच, धूर सोडणारी. गावच्याच भट्टीतल्या विटा आणि चुना, त्यातून माझा जन्म झाला. खाली बॉयलर पेटला की माझा धूर सातपुड्याकडे निघायचा. भोंगा वाजला की बाया कामाला यायच्या. शेतातून परतणारी माणसं मला दुरून बघून म्हणायची, "आलं बाप्पा गाव." मला भारी वाटायचं.

मग वीज आली. बॉयलर थंड झाला, माझं काम संपलं. जिन मात्र चालू होता. बीटीचं बियाणं आलं त्या वर्षांत तर आवारात कापसाचे ढीगच ढीग. पोरं त्यावर उड्या मारायची. मी बिनकामाची, तरी खूश. पुढे गुलाबी बोंडअळी पडली. बोंडं आतून किडायला लागली. कापसाच्या गाड्या कमी झाल्या, मग थांबल्याच. फाटकाला कुलूप लागलं. माझ्या अंगावर पिंपळ उगवला. कोणी वर बघेना.

मालक भगवानरावांनी जिनाच्या जागेत प्लॉट पाडायचं ठरवलं. "जुनी झाली, कोणाच्या डोक्यात पडन," म्हणाले, आणि मला पाडायला जेसीबी सांगितला.

गावात जुन्या इमारती सांभाळणारं एक मंडळ आहे. मोबाइल दुरुस्त करणारा अल्तमश ते चालवतो. त्यानं घाईघाईत टाइप केलं आणि गावभर पाठवलं, 'चिमणी वाचवा. रविवारी सकाळी जिनात या.'

रविवारी जेसीबी आला. माणसंही आली. पण कशी! कोणाच्या हातात पाण्याचं मडकं, कोणाच्या ओच्यात ज्वारी. शाकिर गवंडी तर पोरीनं बनवलेलं खोक्याचं घरटं घेऊन आला.

"अल्तमश, चिमण्या कुठी हायेत बे?" त्यानं विचारलं.

अल्तमशनं कपाळाला हात लावला. मग बोट वर केलं. "भाई, हे चिमणी."

सगळ्यांनी माना वर केल्या. किती वर्षांनी कोणी माझ्याकडे बघत होतं! मग असा हशा पिकला की जेसीबीवाल्यानं मशीन बंद करून विचारलं, "काय झालं हो?"

"या पोट्ट्याले धड लिहिता येत नाही, अन् आमाले ज्वारी आणायले लावली!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. तरुणपणी त्या याच जिनात कापूस निवडायच्या. आता ही सगळी घरी जाणार, असंच मला वाटलं. पण बाई माझ्याच सावलीत फतकल मारून बसल्या. "आता आलोच आहो तं हिलेच वाचवू."

भगवानराव धावत आले. "मावशी, उठा. वीट पडली मंग?"

"मंग नीट कर तिले. मीबी म्हातारी झाली. मले पाडतं काय?"

"पण करन कोण?"

"मी करतो," शाकिर म्हणाला. "बांबू बांधतो, पिंपळ मुळासकट काढतो, चुन्यानं भेगा भरतो. मंडळाची पोरं हाताखाली राहतीन."

तेवढ्यात सांडलेल्या ज्वारीवर एक खरीखुरी चिमणी उतरली. दाणा उचलला आणि भुर्रकन माझ्याच एका भोकात शिरली. आतून चिवचिवाट.

"घ्या!" भगवानरावांना हसूच फुटलं. "आता दोन दोन चिमण्यांचं पाप कोण घेते? न्या ते मशीन मांगं. प्लॉट पाडतो, हिले सोडून."

जेसीबी फाटकाबाहेर गेला. मित्रांनो, माझ्यात धूर असता ना, तर केवढा मोठा श्वास सोडला असता!

शाकिरनं भेगा बुजवल्या, तेवढं एक भोक सोडून. तुमच्या गावातही माझ्यासारखं कोणी उभं असेल. जेसीबी येईपर्यंत थांबू नका. अधूनमधून मान वर करून बघत जा. भेग लहान असली की मूठभर चुन्यात भागतं.

भोकातली ती आता माझी मैत्रीण झाली आहे. वारा सुटला की पिल्लांवर पंख पसरून बसते, घाबरते. मी तिला सांगते, "बाई, निवांत राह्य. तुही पिल्लं उडून जाईपर्यंत मी काही हालत नाही. वचन."